काटकसर कुणाच्या ताटातून?



जेवणाचा खर्च कमी कसा करायचा, हा विषय गटाच्या बैठकीत काढला की एरवी गप्प बसणाऱ्या बायकाही बोलू लागतात. तेल संपत आले की फोडणी निम्मी करायची. डाळीत पाणी वाढवायचे. भाजी नसेल त्या दिवशी ठेच्यावर भागवायचे. कळण्याच्या पिठात उडीद जरा हात राखून घालायचा. शिळ्या भाकरीचा सकाळी कुस्करा करायचा. ही विद्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे बसून मिळवली आहे आणि मला तिचा आदर आहे. काटकसरीच्या युक्त्या छापणाऱ्या पुरवण्यांनी खरे तर आमच्या जामनेर-पहूरकडच्या बायकांकडे शिकवणी लावावी.

पण बोलणे असेच पुढे चालू दिले आणि मध्येच विचारले, ‘मग त्या दिवशी तू काय खाल्लंस?’ तर बैठक एकदम गप्प होते. कुणी हसण्यावारी नेते, कुणी म्हणते, ‘आम्हाला काय, चालतं काहीही.’ डाळ पातळ झाली तरी सगळ्यांची ताटे सारखी पातळ होत नाहीत. आधी पुरुष जेवतात, मग मुले, त्यातही आधी मुलगा, मग सासू, आणि शेवटी सून. पातेल्याच्या तळाशी काय उरले यावर तिचे जेवण ठरते. भाजी कमी पडली हे कळते तिला एकटीलाच, कारण ती कमी पडते तिच्याच वाट्याला. घरातली काटकसर अशी मुकाट्याने एका ताटातून होते आणि घराला वाटते, खर्च भागला.

तो भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. वाचवलेला पैसा नंतर दवाखान्यात जातो, बाळंतपणात जातो, पन्नाशीच्या आत थकून गेलेल्या अंगातून जातो. तेव्हा या अंकात मला एवढेच म्हणायचे आहे, की जेवणाचा खर्च जरूर कमी करू, पण तो बाईच्या ताटातून नको. तो कमी करण्याच्या जागा ताटाबाहेर आहेत, आणि तिथे आपल्याला फारसे कुणी विचारत नाही.

पहिली जागा शेत. जामनेर तालुका कापसाचा. कपाशी पूर्वीही होतीच, पण तिच्या जोडीला ज्वारी, तूर, उडीद, मूग असायचे. पावसाळा सरता सरता उडीद-मूग घरात येई, संक्रांतीच्या मागेपुढे तूर, उन्हाळ्याच्या तोंडाशी दादर. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, कपाशीचा पसारा वाढला. त्यात मका आला, पाणी असेल तिथे केळी आली. ज्वारी मागे हटली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची म्हैस गेली, तिच्याबरोबर घरचे ताक गेले. तणनाशकाची फवारणी आली आणि निंदणीची मजुरी गेली. शिवाय निंदता निंदता ओच्यात घालून आणायची तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी ही फुकटची भाजीही गेली. कपाशीने चुलीसाठी मागे ठेवल्या त्या फक्त पऱ्हाट्या.

नगदी पिकाला माझा विरोध नाही. कापसाच्या पैशावर या भागातली मुले शिकली, घरे पक्की झाली. पण एक फरक आपण ओळखायला हवा. तूर-उडीद घरात आले की ते बाईच्या कोठीत पडतात आणि त्यांचे काय करायचे ते तिच्या हातात असते. कापूस विकला की पैसा पुरुषाच्या खिशात नाही तर खात्यात जातो, आणि डाळीला पैसे मागायला तिला हात पसरावा लागतो. पीक बदलले तेव्हा घरातली सत्ताही थोडी सरकली.

साधा हिशेब करू. पाच माणसांच्या घरात रोज २०० ग्रॅम डाळ शिजली तर वर्षाला ७३ किलो लागते. एक क्विंटल तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ होते. म्हणजे एक क्विंटल तूर घरात राहिली तर वर्षाच्या डाळीचा प्रश्न मिटतो. तीही चैनीची डाळ नव्हे, माणशी दिवसाला अवघी ४० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेल्या २००० उष्मांकांच्या आहारात डाळी-कडधान्ये आणि अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम धरले आहेत. आपण मात्र काय करतो? तूर निघाली रे निघाली की देणेकऱ्यासाठी सगळी विकतो आणि पुढे वर्षभर जळगावच्या डाळमिलची डाळ किराणा दुकानातून पाव-पाव किलो आणतो. पाव किलोचा भाव नेहमीच महाग पडतो, आणि उधारीवर घेतली तर त्याहून महाग.

कपाशीत तुरीच्या चार ओळी टाकायच्या की नाही, हे ठरवायला बाईचे शेतात काही चालले पाहिजे. हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर बायकांच्या नावावर जमीन झाली. पुढे १९९१ साली त्याच संघटनेने सीताशेतीचा कार्यक्रम दिला. जमिनीचा एक तुकडा बाईच्या हाती असावा, तिने तिथे घराला लागणारे पिकवावे, असा तो विचार. त्या संघटनेच्या सगळ्याच भूमिका आपल्याला पटतील असे नाही. पण स्वयंपाकघराचा प्रश्न सातबाऱ्याशी नेऊन जोडला, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. जिच्या नावावर गुंठाभरही नाही तिला काटकसर शिकवणे सोपे असते.

ज्यांना शेतच नाही, त्या मजूर मैत्रिणींसाठी दुसरी जागा रेशनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅमच्या आसपास. पोषण संस्थेच्या त्याच आहारात धान्य २५० ग्रॅम धरले आहे, म्हणजे दोन तृतीयांश भूक रेशनवर भागू शकते. ही लहान गोष्ट नाही. तरीही त्यात डाळ नाही, तेल नाही. तमिळनाडूत रेशनच्या दुकानात तूरडाळ आणि पामतेल सवलतीने मिळते. मग तुरीच्या आणि डाळमिलांच्या आपल्या जिल्ह्यात ते का मिळू नये, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

याच कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरवली आहे. कितीजणींना हे ठाऊक आहे? लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून निघते आणि सासरच्या कार्डावर वर्ष वर्ष चढत नाही. तिच्या वाट्याचे ५ किलो दोन्हीकडून बुडतात. नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या घरी राहते, कार्ड भावाच्या नावाचे, म्हणून भाकरीही भावाच्या मर्जीची. संगमनेर आणि विटा भागातल्या परित्यक्ता स्त्रियांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस संघटित होऊन स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी लावून धरली होती, ती याच अनुभवातून. आज अंगठा जुळत नाही, ई-केवायसी राहिले, अशा कारणांनी नावे अडकतात. कारण नवे, उपाशी राहणारी तीच.

तिसरी गोष्ट श्रमाची. बाजारात तयार मिळते ते घरी केले की स्वस्त पडते, असे आपण सहज म्हणतो. बिबडे, सांडगे, पापड, घरी भरडलेली डाळ, निवडलेले धान्य हे स्वस्त पडते, कारण त्यात बाईची मजुरी शून्य धरलेली असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेल्याचे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. याच कामाला मोल आहे हे प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढून दाखवले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका तिथे संघटित झाल्या, त्यांना बँकेचे कर्ज मिळाले. तेव्हा दुसऱ्याला रांधून घातले की तो धंदा आणि घरी रांधले की ते कर्तव्य, हा हिशेब आपण तरी मान्य करू नये. सरकारने तोच केला. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाईचे मानधन केंद्राने २००९ साली महिना १,००० रुपये ठरवले.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या ग्रामीण घरांत खर्चाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ४७ रुपये खाण्यापिण्यावर जातात. मग घरात खर्चकपातीची वेळ आली की पहिला हात किराण्यालाच लागतो. दारू, तंबाखूची पुडी, बाहेरचा चहा-नाश्ता यांची यादी बैठकीत कधी मांडली जाते का? शहादा-तळोदा भागातल्या आदिवासी बायकांनी (तेव्हा तो धुळे जिल्हा होता) १९७२-७३ मध्ये दारूची मडकी फोडली, तेव्हा त्या धान्याचाच प्रश्न सोडवत होत्या. मजुरीतून चुलीपर्यंत काय पोहोचते, हा त्यांचा सवाल होता आणि तो आजही जुना झालेला नाही.

त्याच १९७२ मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल यांच्या भावाचा जाब त्यांनी व्यापाऱ्याला आणि सरकारला विचारला. ‘थोड्यात भागवा’ हा उपदेश त्यांनी नाकारला. आपली आई-आजी त्या मोर्चात असेल-नसेल, पण तो वारसा आपला आहे.

मोर्चा रोज काढता येत नाही. पण काही कामे या हंगामात प्रत्येक गट करू शकतो. बचत गटाच्या अंतर्गत कर्जात धान्यखरेदी हे कारण मानाने लिहू. तूर निघते तेव्हा दहाजणींनी मिळून पोत्याने घेतली, मिलमधून एकदम भरडून आणली आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवली, तर पाव किलोची उधारी थांबते. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी पेरणीआधी घरात बसून, विकायची नाही अशी तूर किती, हे आपल्या तोंडाने ठरवून घ्यावे. प्रत्येक गटाने आपल्या गावातली कार्डे तपासावीत. प्रमुख म्हणून कुणाचे नाव आहे, कोणत्या सुनेचे चढलेले नाही, कोणती एकटी बाई कार्डाविना आहे, याची यादी करून तहसील कचेरीत एकदम द्यावी. एकटीचा अर्ज पडून राहतो, चाळीसजणींचा राहत नाही.

आणि घरात एक नियम. ज्या दिवशी भाजी कमी असेल त्या दिवशी ती आधी सगळ्यांच्या ताटांत वाढावी, वाढणारीच्याही, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला बसावे. कमी असेल तर सगळ्यांना कमी. सासूबाई सुरुवातीला नाराज होतील. त्यांनाही शेजारी बसवा, त्याही आयुष्यभर शेवटीच जेवल्या आहेत.

महिनाभर हे करून पाहा. काय उरले, काय वाचले, घरात कोण काय बोलले, ते वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.