मानसशास्त्राची पदवी आणि बाजारातील अफवा

कलाशाखेच्या प्रवेशाचे दिवस आले म्हणजे मानसशास्त्रासाठी अलीकडे जी गर्दी लोटते, तिच्या मुळाशी बहुधा एकच अपेक्षा असते, ती ही की तीन-चार वर्षांच्या अध्ययनानंतर आपणांस माणसाचे मन वाचता यावे, आणि जमल्यास दारावर पाटी लावून दुःखितांचे समुपदेशन करता यावे. ही अपेक्षा क्षुद्र आहे असे कोणीही म्हणणार नाही. तथापि अवधान, संवेदन, अध्ययन, विस्मरण, प्रेरणा आणि या सर्वांच्या पाठीशी उभे असलेले संख्याशास्त्र यांचा परिचय झाला की पहिल्या वर्षीच पुष्कळांचा उत्साह ओसरतो, व ज्या अपसामान्य मानसशास्त्रासाठी एवढा खटाटोप केला ते हाती आल्यावर असेही कळते की, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नोंद व्हावयाची तर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, नुसत्या बी.ए.च्या दाखल्यावर ती होत नाही. मग प्रात्यक्षिके व संख्याशास्त्र यांना कात्री लावून समुपदेशनाचे तास वाढवावेत, अशी भाषा कानी येऊ लागते. आणि तिला माझा विरोध आहे.

या विषयाचा पाया प्रयोगशाळेत घातला गेला. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे ती उघडली, आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या देखरेखीखाली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तोही प्रयोगाचीच कास धरून. आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आरशात पाहून चांदणी गिरविण्याचा जुना प्रयोग चालतो. समोर आरसा, हाताच्या वर आडपडदा, कागदावर दुहेरी रेषांत छापलेली चांदणी, आणि पेन्सिल रेषांच्या बाहेर जाऊ न देता ती पुरी करावयाची, एवढेच काम. परंतु पहिला कोपरा आला की चांगला वीस वर्षांचा, अक्षर वळणदार असलेला विद्यार्थी पेन्सिल पुढे नेऊ म्हणतो आणि ती मागे येते, तो चिडतो, हसतो, जागच्या जागी थरथरत्या रेघांचे जाळे विणतो, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेली त्याची वर्गभगिनी चुकांची संख्या निर्विकारपणे वहीत नोंदवीत राहते. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात तसतसा वेळ घटतो, चुका घटतात. आणि याहून नवलाची गोष्ट अशी की, एका हाताने मिळविलेले हे कौशल्य दुसऱ्या, मुळीच सराव न केलेल्या हातालाही काही अंशी लाभते. विद्यार्थ्याचा आतापर्यंतचा तर्क काहीही असो, वहीतील आकड्यांपुढे त्याला मान तुकवावी लागते. माणसांविषयीचे आपले ठाम ग्रह पुराव्यावाचून ग्राह्य धरू नयेत, ही शिस्त पदवीच्या वयात अंगी बाणवील असा दुसरा विषय कलाशाखेत मला तरी दिसत नाही. (तर्कशास्त्राचे अध्यापक येथे हरकत घेतील, त्यांची हरकत मी दप्तरी दाखल करून घेतो.)

माझी तक्रार आहे ती निराळी. ही शिस्त प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडली गेली आहे, आणि विद्यार्थ्याभोवतीचा समाज तिच्या कक्षेबाहेर राहिला आहे. सामाजिक मानसशास्त्रात लिऑन फेस्टिंगर यांचा १९५७ सालचा संज्ञानात्मक विसंगतीचा सिद्धान्त सर्वत्र शिकविला जातो. त्याचे एक मूळ आपल्याच देशातील एका भूकंपात आहे, हे मात्र फार थोड्या विद्यार्थ्यांच्या कानी पडते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार हादरला, आणि त्यानंतर लोकांत ज्या अफवा उठल्या त्या जमुना प्रसाद या अभ्यासकाने चिकाटीने टिपून १९३५ साली प्रसिद्ध केल्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, प्रलय होणार, अशा त्या अफवा होत्या. फेस्टिंगर यांस कोडे पडले ते असे की, ज्यांनी धक्का अनुभवला पण विध्वंस प्रत्यक्ष पाहिला नाही, अशांनी स्वतःस अधिकच भेडसावणारी भाकिते का पसरवावीत? त्यांनी काढलेले उत्तर असे की, भय आधीच मनात शिरलेले होते, त्यास पुरेसे कारण मात्र डोळ्यांपुढे नव्हते, म्हणून लोकांनी भयास साजेल असे कारण शोधून काढले. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यानंतर प्रत्यक्ष आपद्ग्रस्त भागात जो अभ्यास केला, त्यात अशा अफवा आढळल्या नाहीत, आणि या तुलनेने त्या उत्तरास बळकटी आली.

तात्पर्य, बाजारात कानी पडलेले बोल तारीखवार नोंदवून ठेवणारा एक मनुष्य होता, म्हणून एका जगन्मान्य सिद्धान्तास आधार मिळाला. आणि बाहेरून आलेले ज्ञान येथील माणसांवर पारखून घेण्याचा पायंडाही आपल्याकडे आहे, कारण व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी परकीय साच्यात जशीच्या तशी न राबविता मराठी व कानडी मुलांवर पारखून घेतली होती.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी चार वर्षांची होत आहे आणि क्षेत्रकार्यास स्थान मिळत आहे. त्यासाठी विषय फार दूर शोधावा लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. या प्रकरणाचा पंचनामा झाला, खटला उभा राहिला. परंतु ती अफवा त्या परिसरात कोणत्या शब्दांत फिरत होती, ती प्रथम कोणी कोणास सांगितली, ऐकणाऱ्यांपैकी कोणी ती अमान्य केली आणि कशाच्या आधारावर, याची बारकाईने विचारपूस करणे पोलिसांच्या कामात सहसा बसत नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कामात ती बसते. अहिराणी बोलणारा, त्या बाजूच्या आठवडी बाजाराची ओळख असलेला मुलगा धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांत हा विषय शिकत असेल, तर त्याच्या अखेरच्या वर्षाच्या प्रबंधिकेस अशा अफवांचा विषय मंजूर व्हावा, मुलाखती घेण्यापूर्वी संमती कशी घ्यावी व भेदरलेल्या माणसास प्रश्न कसे विचारू नयेत हे त्याला आधी शिकविले जावे, आणि त्याने आणलेल्या नोंदी पुढील वर्षाच्या वर्गात फेस्टिंगर यांच्या सिद्धान्तापुढे ठेवून तो तेथे लागू पडतो की नाही याचा फैसला विद्यार्थ्यांनीच करावा.