आईवडिलांचे घर मार्जिनमध्ये नको

भोपाळच्या साकेत नगरात, अरेरा कॉलनीत घरामागे एक काम हमखास चालू दिसते. कंपाउंडच्या भिंतीला टेकून दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, कोपऱ्यात संडास-बाथरूम. घरातला मुलगा सांगतो, "आईबाबांसाठी वेगळे घर बांधतोय." भेलमधून निवृत्त झालेल्या अनेकांनी हे प्लॉट स्वतःच्या कमाईतून घेतलेले असतात. जमीन वडिलांची आणि त्यांचीच रवानगी मागच्या मार्जिनमध्ये! हे थांबवणे आपल्या व्यवसायाच्या हातात आहे.

मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 नुसार सोडायची मोकळी जागा, आपल्या भाषेत एमओएस, हवा-उजेडासाठी असते. ती भरली की नव्या खोलीला धड खिडकी मिळत नाही आणि जुन्या घराच्या मागच्या खोल्याही अंधारतात. 'कंपाउंडिंग करून घेऊ' हे साइटवर सर्रास ऐकू येते. सत्तरी उलटलेल्या माणसाचे छप्पर अशा भरवशावर उभे करू नये. मे महिन्यात चाळिशीपार पारा गेल्यावर त्या पत्र्यांखाली दुपार काढायची असते, हेही लक्षात घ्या.

त्यात शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुन्या भिंतीला चिकटवलेल्या खोलीचा पाया उथळ असला की दोन्ही बांधकामे वेगवेगळी हलतात. सांध्यात तडा जातो आणि उंबऱ्यापाशी फरशी अर्धा इंच वरखाली होते. मिस्त्री त्यावर सिमेंट घासून मोकळा होतो. पाय घासत चालणाऱ्या आजींना मात्र तेवढी ठेच पुरते.

आमचे मत स्पष्ट आहे: एफएआर शिल्लक असेल तर मुलाचे घर वर चढवा आणि तळमजल्याची पुढची, रस्त्याकडची बाजू वडीलधाऱ्यांना द्या. स्वयंपाकघर वेगळे, विजेचे मीटर वेगळे. दरवाजे चाकाची खुर्ची जाईल असे, 900 मिमी मोकळे. जोते दोन फूट असेल तर 1:12 उताराच्या रॅम्पला चोवीस फूट लागतात. एवढी लांबी नंतर सापडत नाही. बाथरूमची फरशी खोलीच्या पातळीत हवी असेल तर खालचा भराव आणि पाइपांचा उतार आधीच ठरवावा लागतो. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारे दार अडते.

प्लॉट कोणाच्या नावावर आहे, हेही काम घेतानाच विचारा. छतरपूरच्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 च्या आधारे रद्द ठरवले. सांभाळण्याची अट मुलाने पाळली नव्हती.

आणि नकाशाला हात घालण्यापूर्वी, मुलगा समोर नसताना, आजी-आजोबांशी अर्धा तास बोला. राहायचे त्यांना आहे. वडीलधाऱ्यांना पुढची बाजू देणारे मंजूर नकाशे तुमच्याकडे असतील तर मापांसह पाठवा, आम्ही ते छापू.