अर्ज भरण्याआधी एका मुलाजवळ बसा

दहावीचा निकाल लागला. पेढे झाले, फोटो झाले, मामा-मावशांचे फोन झाले. आता हातात मोजके दिवस उरलेत. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, पॉलिटेक्निकचा अर्ज, आयटीआयचा अर्ज, सगळं याच दिवसांत येऊन पडतं, आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर त्यात एकटं असतं. आई-बापाला वाटतं शाळेने सांगितलं असेल. शाळेला वाटतं घरी ठरलं असेल. म्हणून हे घाईने लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. मला तुमच्याकडून पैसे नकोत. दोन तास हवेत. येत्या शनिवारी किंवा रविवारी, तुमच्या जवळच्या शाळेत, दहावी झालेल्या एका मुलाशेजारी किंवा मुलीशेजारी बसायला.

का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे ऑनलाइन प्रवेश नव्हते, कॉलेजच्या खिडकीवर छापील अर्ज मिळायचा. माझ्या वर्गातली एक मुलगी, गणितात शंभरपैकी ९१, आईबरोबर त्या खिडकीशी उभी होती. आई रोज बुडवून आलेली. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली गुणपत्रिका आणि दाखला. आतल्या माणसाने विचारलं, "मॅथ्स ठेवायचं का बायो?" आई म्हणाली, "तुमाला बरं वाटंल ते टाका, दादा." मागे रांग होती. त्याने मुलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मुलगी आहे, बायो बरं पडेल." मुलगी काही बोलली नाही. बायो लागलं, मॅथ्सच्या जागी भूगोल लागला, आणि पुढचा नंबर आला.

दोन वर्षांनी ती बारावीची गुणपत्रिका घेऊन माझ्या दारात उभी. "मॅडम, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचा फॉर्म कुठं भरायचा?" मी विषय वाचले आणि मला पायरीवर बसावं लागलं. इंजिनीअरिंगच्या पदवीला आपल्या राज्यात बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. तिचं मॅथ्स त्या खिडकीवरच सुटलं होतं. शेवटी तिने दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, आपल्याहून दोन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात. नेटाने शिकली, आज नोकरीत आहे. पण त्या दोन जादा वर्षांसाठी तिच्या आईने किती उन्हाळे दुसऱ्याच्या रानात काढले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यापुढे चाळीस जण उभे होते. दहावीच्या अख्ख्या वर्षात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, "पुढे काय घेणार आहेस गं?" ते मला अजून सलतं.

आता काळ बदलला. २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. पूर्वी हे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतं होतं. खिडकी गेली आणि तिच्या जागी स्टँडवरचा नेट कॅफे आला. तिथेही मागे रांगच असते. तिथेही मूल विचारतं, "दादा, काय टाकू?" अर्जात शाखा आणि कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे असतात आणि विषय प्रत्यक्ष प्रवेश घेताना ठरतात. म्हणजे चुकायच्या जागा एकाच्या दोन झाल्या.

पहिली जागा पसंतीक्रमाची. २०२५ च्या नियमांत जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येत होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. घेतला नाही, तर नंतरच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. आमच्या एका मुलाने मित्राने भरलं म्हणून तीस किलोमीटरवरचं नावाजलेलं कॉलेज एक नंबरला टाकलं आणि ते त्याला मिळालं. घरी केवढा आनंद! मग रात्री बापाने हिशेब मांडला. तिकडून परतीची शेवटची एसटी कॉलेज सुटायच्या आधीच निघते, आणि खोली करून राहायचं तर महिन्याचा खर्च घराला झेपत नाही. चालत जाता येईल असं गावातलं कॉलेज त्याने पाचव्या क्रमांकावर टाकलं होतं. ते पोरगं शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत घरी बसून राहिलं. तोवर वर्गमित्रांची दोन-तीन प्रकरणं शिकवून झाली होती. एसटीचं वेळापत्रक आणि पसंतीक्रम शेजारी ठेवून बघायला किती वेळ लागतो? यंदाच्या तारखा आणि नियम अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

दुसरी जागा विषयांची, आणि इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण शाखेचं नाव ऐकून बाकी कुणी काही विचारतच नाही. "सायन्सला गेलाय" एवढ्याने भागत नाही. मेडिकलच्या नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. फार्मसीच्या पदवीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्हींपैकी एक चालतं. एनडीएतून लष्करात जायला बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. ज्या मुलाचं अजून ठरलेलं नाही आणि ज्याला दहावीचं गणित जड गेलं नाही, त्याला मी मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवायला सांगते. ओझं वाढतं, हे खरं. जो गणितात रडतखडत पास झालाय त्याला हा सल्ला कुणी देऊ नये.

कॉमर्सकडेही तसंच. मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं म्हणून सीए होता येत नाही, असं नाही. पण सीए फाउंडेशनला गणित, रिझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा एक अख्खा पेपर असतो, हे मुलाला अकरावीतच माहीत असलं पाहिजे. आर्ट्सला जाणाऱ्या मुलाकडे आपण दुःखाने का बघतो, हे मला कधी कळलं नाही. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीला कुठलीही शाखा चालते. बीबीए, बीसीएसाठी २०२४ पासून वेगळी सीईटी आहे, तिथेही तेच. भाषा, इतिहास, राज्यशास्त्र मनापासून आवडणारी पोरं आपण सायन्सच्या बाकावर दोन वर्षं कोंडतो आणि मग म्हणतो, हुशार होता, बिघडला.

पॉलिटेक्निक आणि आयटीआयबद्दल तर घरात बोललंच जात नाही. कमी मार्कवाल्यांचं म्हणून ते बाजूला टाकलेलं असतं. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तीन वर्षांत डिप्लोमा होतो आणि त्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यासाठी बारावीनंतरची सीईटी द्यावी लागत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. ज्या पोराचा हात पान्यावर बसतो, त्याने अकरावीचा अर्ज भरावा, पण या दोन्ही ठिकाणचेही भरावेत. एक भरला म्हणून दुसरा भरता येत नाही, हा गैरसमज दर वर्षी कुणाचं तरी वर्ष खातो.

क्लासवाल्यांची पत्रकं तुमच्याही दारात आली असतील. कॉलेजला नुसतं नाव, हजेरीची काळजी नको, दोन वर्षं फक्त क्लास. पालकहो, पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की प्रॅक्टिकल कोण घेणार, कुठल्या लॅबमध्ये, आठवड्यातून किती वेळा. अकरावीचे मार्क कुठे धरत नाहीत म्हणून ते वर्ष वाया घालवू नका. एमएचटी-सीईटीत साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो, आणि नीट, जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारखाच लागतो.

आणि कागद. जातीच्या दाखल्यावर पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात पडताळणी लागते, आणि तिच्यासाठी पणजोबांच्या नावाचा कोतवाल बुकाचा उतारा शोधायची पाळी येते. ते बारावीच्या निकालानंतर आठवलं तर हातची जागा जाते. अकरावीत गेल्या गेल्या कॉलेजमधूनच अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल यांची चौकशी सेतू केंद्रात आजच करा. मुलींच्या पालकांनी विशेष ऐका. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. "मुलीच्या इंजिनीअरिंगला पैसा कुठून आणू" म्हणून तिला साध्या शाखेत ढकलण्याआधी हे माहीत असू द्या. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, ती अकरावीपासून लागू होते.

हे सगळं एकट्या गणिताच्या मास्तरणीला दीडशे मुलांना सांगता येत नाही. मी करून पाहिलंय. फळ्यावर तक्ता काढला, मुलांनी उतरवून घेतला, आणि घरी जाऊन शेजारच्याने जे घेतलं तेच घेतलं. मूल वर्गात सगळ्यांसमोर विचारत नाही. शेजारी बसून, "तुला दिवसभर काय करत बसायला आवडतं?" असं कुणी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली, की दहा मिनिटांनी बोलायला लागतं. त्यासाठी माणसं लागतात. तज्ज्ञ नकोत. या वाटेवरून जाऊन आलेली माणसं हवीत.

वायरमनदादा, तुम्ही आयटीआय केलंत, तुम्ही या. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, तुम्ही या. नर्सिंगला काय लागतं आणि रात्रपाळी कशी असते, हे तुमच्याइतकं कोण सांगेल? बँकेतले, पोस्टातले, तलाठी, वकील, गावात सुट्टीला आलेली पुण्याची पोरं-पोरी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेले आमचेच माजी विद्यार्थी, तुम्ही तर याच. तुम्हाला परवाचं आठवतंय. परदेशात असाल तर भाच्याला, पुतणीला, जुन्या शेजाऱ्याच्या मुलाला फोन करा आणि तासभर ऐका. सल्ला शेवटच्या दहा मिनिटांत द्या.

मुख्याध्यापकांना विनंती, सुट्टी असली तरी एक वर्ग उघडा ठेवा, पंखा चालू असू द्या, पिण्याचं पाणी ठेवा. सरपंचांनी आणि मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून सांगणाऱ्यांनी एकदा पुकारा करावा. नेट कॅफेवाल्या भावांनो, तुमच्याकडे फॉर्म भरायला आलेल्या मुलाला "ठरवून आलायस का?" एवढं विचारा, आणि नसेल ठरलं तर शाळेकडे पाठवा. तुमचं काम दुसऱ्या दिवशी होईलच. एक-दोन विषय राहिलेल्या मुलांनाही बोलवा. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ती सगळ्यांत आधी वीटभट्टीवर नाहीतर लग्नाच्या बोलण्यात जातात.

येताना एक जपा. आपली राहून गेलेली इच्छा मुलाच्या अर्जात भरू नका. तुम्हाला माहीत नसेल ते "माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणा. आणि आई-वडिलांना बाहेर बसवू नका, मुलाच्या दुसऱ्या बाजूला बसवा. फी, एसटी आणि रानातलं काम त्यांनाच ठाऊक असतं.

आमच्या शाळेत शनिवारी आणि रविवारी सकाळी दहापासून आठवी ब चा वर्ग उघडा आहे. पालकांनी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि असतील ते दाखले पिशवीत घालून आणावेत. नसतील तर तसेच यावं. अर्ज तिथे भरायचा नाही, फक्त एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा आणि तो घरी नेऊन एक रात्र उशाशी ठेवायचा. बाकं आम्ही जोडी-जोडीने शेजारी-शेजारी लावून ठेवली आहेत. मुलांच्या बाजूची भरणार आहेत, त्याची खात्री आहे. शेजारची अजून रिकामी आहेत.