भूमितीत पास, प्लॉटवर नापास

मंडळी, आज राजकारण नाही. आज भूमिती.

परवा ओळखीचे एक काका साठेखताचा मसुदा घेऊन आले. निवृत्तीच्या पैशातून प्लॉट घ्यायचं चाललंय. कागदावर चारही बाजू 66 फूट. 66 गुणिले 66 म्हणजे 4,356 चौरस फूट, बरोबर 4 गुंठे. सोबत नातू होता, नुकताच दहावी झालेला, गणितात उत्तम मार्क. त्याने मान डोलावली. खरं सांगतो, मीही डोलावली.

खोट काढली ती गवंड्याने. जागेवर गेला आणि टेप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली. एकीकडे 66 फूट, दुसरीकडे 114. म्हणाला, "काका, हा चौरस नाही, कलंडलाय." चौरस असता तर दोन्ही कर्ण 93 फुटांच्या आसपास आले असते. प्रत्यक्षात जागा भरते सुमारे 3,772 चौरस फूट. साडेतीन गुंठेसुद्धा नाहीत! बाकीची 584 चौरस फूट जमीन फक्त कागदावर. पैसे अजून दिले नव्हते, म्हणून काका वाचले.

यात लबाडी होती की अज्ञान, ते मला माहीत नाही. माझा प्रश्न शाळेला आहे. त्या पोराला समभुज चौकोनाची व्याख्या पाठ होती. क्षेत्रफळाचं सूत्र पाठ होतं. त्रिकोणाच्या एकरूपतेची 'बाबाबा' कसोटीही पाठ होती. पण या कसोटीचा अर्थ त्याला कुणी हातात दिलाच नव्हता. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण पक्का होतो, चार बाजू ठरल्या तरी चौकोन पक्का होत नाही. म्हणून तर पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणांची असते आणि सुतार फाटकाला तिरकी पट्टी मारतो.

हे शिकवायला स्मार्ट बोर्ड लागत नाही. चार पट्ट्या, चार स्क्रू. चौकट तिरकी ढकला. बाजू त्याच राहतात, आतली जागा कमी होते, शेवटी शून्य होते. मग पुठ्ठ्याचा चौकोन सरकवा, फिरवा, उलटा करा. जागा तेवढीच राहते. काय केल्यावर काय बदलतं आणि काय टिकतं, हे पोराने एकदा हाताने पाहिलं की जन्मभर विसरत नाही.

पण आपल्याकडे काय होतं? प्रमेय गाईडमधून, आकृती फळ्यावरून, कंपासपेटी परीक्षेपुरती. यात सगळा दोष शिक्षकांचा नाही. तेही परीक्षेत जे विचारतात तेच शिकवतात, आणि आपण पालक तरी मार्कांपलीकडे कुठे बघतो?

गावातल्या शिक्षक मित्रांना विनंती: वर्षातून एक तास मुलांना टेप देऊन मैदानावर न्या. एखाद्या गवंड्यालाही बोलवा.

आणि बाकीच्यांनो, प्लॉट घेताना चार बाजूंवर भागवू नका. कर्ण मोजा, सरकारी मोजणी करून घ्या, मगच सही करा.

तुमच्या मुलांना भूमिती कशी शिकवतात? कमेंटमध्ये सांगा.