सहा आठवडे, सव्वीस घरे



फेब्रुवारी आला की आपल्या मंडळात तिळगुळाचा विषय मागे पडतो आणि तिकिटांचा सुरू होतो. कुणाला कितीला मिळाले, बॅगा किती किलोच्या चालतात, मधे दुबई की दोहा, यावर भरपूर बोलले जाते. उतरल्यानंतर सहा आठवडे मुलांना घेऊन नेमके करायचे काय, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. ते जणू ठरलेलेच असते: नातेवाईक. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने एका सुट्टीत सव्वीस घरे केली. बेचाळीस दिवसांत सव्वीस घरे, आणि बहुतेक घरी पोहे. परत आल्यावर त्यांच्या मुलाला शाळेत सुट्टीवर निबंध लिहायचा होता. त्यात सोफे फार होते, असे त्याची आईच हसत सांगते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. या सहा आठवड्यांपैकी निम्मे दिवस मुलांचे असावेत. तेही दहा शहरे पळत पाहण्यासाठी नव्हेत, एका किंवा दोन ठिकाणी मुक्काम ठोकण्यासाठी. आणि जमेल तिथे आजी-आजोबांना बरोबर घ्यावे. त्यांच्या घरी जाऊन बसणे आणि त्यांच्याबरोबर कुठे जाणे यांत फार फरक आहे.

थोडे गणित करू. बहुतेक कुटुंबे दोन वर्षांतून एकदा जातात. मूल सहा वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले की सोळाव्या वर्षापर्यंत अशा पाच-सहा फेऱ्या होतात. सहा धरल्या तरी छत्तीस आठवडे, म्हणजे साडेआठ महिनेसुद्धा नाहीत. मराठी मुलखाशी आणि आजी-आजोबांशी मुलांचे जे काही नाते जुळायचे, ते एवढ्यातच. सोळाव्या वर्षानंतर मुले मित्रांबरोबर इटलीला जातात, आणि तोवर आजोबांचे गुडघेही प्रवासाचे राहत नाहीत.

आता शाळेचा प्रश्न. जर्मनीत शाळेची सक्ती म्हणजे खरोखर सक्ती आहे. "तिकीट स्वस्त होते म्हणून चार दिवस आधी निघतो" हे कारण चालत नाही, आणि सुट्टीला लागून रजा मुख्याध्यापक सहसा देत नाहीत. २०१८ साली बायर्नमध्ये मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टीच्या आधीच निघालेल्या शाळकरी मुलांची कुटुंबे तपासली, त्याची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. दंड होऊ शकतो हे खरेच. पण आम्हाला खटकते ते दुसरेच. मुलाला "तू आजारी आहेस असे सांगू" असे आपण शिकवतो आणि मग आजोळी नेऊन खरे बोलण्याच्या गोष्टी सांगतो. घरात लग्नकार्य किंवा गंभीर आजारपण असेल तर शाळेला वेळेवर लेखी अर्ज करावा. अशा कारणांसाठी रजा मिळू शकते. ज्यांची मुले अजून किंडरगार्टनमध्ये आहेत, त्यांनी डिसेंबर-जानेवारीची हौस आत्ताच भागवून घ्यावी. पहिलीनंतर नाताळच्या दोन आठवड्यांत ते साधत नाही.

म्हणजे मोठी सुट्टी उन्हाळ्याचीच, आणि ती तिकडे पावसाळ्यात. कुठल्या राज्यात आपण राहतो त्यावर महाराष्ट्रात काय दिसणार ते ठरते. म्हणून दोन्हीकडची कॅलेंडरे समोर ठेवून बसावे. नोर्डराईन-वेस्टफालेनची सुट्टी २०२५ मध्ये २६ ऑगस्टला संपली आणि गणेश चतुर्थी २७ ला होती! २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, आणि बायर्नच्या सुट्टीचा तो अगदी शेवटचा दिवस. २०२७ मात्र दक्षिणेकडच्यांचे वर्ष आहे. चतुर्थी ४ सप्टेंबरला, आणि बायर्न व बाडेन-व्युर्टेंबर्ग दोन्हीकडे शाळा त्यानंतर आठवडाभराने उघडतात. गौरी जेवून निघता येईल. नोर्डराईन-वेस्टफालेनच्या मंडळींना गणपती सहसा मिळत नाही, पण २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि त्यांची सुट्टी २० जुलैपासून. पालख्यांचे शेवटचे टप्पे त्यांच्या वाट्याला येतात. पंढरपुरात शिरण्याचा हट्ट लहान मुलांना घेऊन करू नये. त्याआधीच्या एखाद्या गावी रस्त्याच्या कडेला उभे राहून अर्धा दिवस दिंड्या पाहाव्यात, जमल्यास तासभर चालावे.

"पावसात कशाला येता, डिसेंबरात या," असे घरचे म्हणतात. आम्हाला वाटते पाऊस हेच मुलांना दाखवण्यासारखे आहे. मे महिन्यात करडे दिसणारे डोंगर जुलैत ओळखू येत नाहीत. आणि आपली मुले पावसाळी बूट घालून चिखलात खेळतच मोठी झालेली असतात. भिजण्याची भीती त्यांच्या मावश्यांना असते, त्यांना नसते.

भंडारदऱ्याला चार दिवस राहा. तिथले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. जवळच रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. कळसूबाई १६४६ मीटर. श्वार्झवाल्डमधला फेल्डबर्ग १४९३ मीटर आहे हे मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे "भारतातला डोंगर" हा शब्द ती जरा आदराने उच्चारतील. अर्थात भर पावसात शिखराचा अट्टहास नको. खालच्या बारी गावातून वर ढगांत शिरणारी वाट पाहिली तरी पुष्कळ झाले.

आमचे स्वतःचे सर्वांत आवडते ठिकाण मात्र लोणार. हे ऐकून पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे काय आहे?" तिथे उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे आणि त्याच्या तळाशी खारे सरोवर. जर्मनीतल्या मुलांना हे दाखवण्याचे खास कारण आहे. बायर्नमधले न्योर्डलिंगेन हे गाव अशाच एका विवरात वसलेले आहे. ते विवर सुमारे २४ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ दीड कोटी वर्षे जुने. अपोलो १४ चे अंतराळवीर १९७० मध्ये दगड ओळखायला शिकण्यासाठी तिथे आले होते. गावातल्या सेंट गेओर्ग चर्चचा मनोरा त्याच आघातातून झालेल्या खडकाचा आहे, आणि त्या दगडात सूक्ष्म हिरेही सापडतात. पण न्योर्डलिंगेनचे विवर एवढे मोठे आहे की मनोऱ्यावर चढूनही मुलांना ते विवर वाटत नाही. क्षितिजावर टेकड्या दिसतात, इतकेच. लोणारच्या काठावर उभे राहिले की एका नजरेत सगळे कडे दिसते. चंद्रावरचे काळसर भागही बसाल्टचेच आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचे एवढे अगत्य. इस्टरच्या सुट्टीत न्योर्डलिंगेनचे संग्रहालय आणि उन्हाळ्यात लोणार, असा जोड-प्रवास आम्ही प्रत्येक कुटुंबाला सुचवतो.

आमचा पेशा रसायनशास्त्राचा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. लोणारचे पाणी नुसते खारट नाही, अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास मोजला गेला आहे, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. 'ऐन-ए-अकबरी'त या भागात काच आणि साबण बनवण्याचे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. जून २०२० मध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तो रंग मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराची रामसर यादीत नोंद झाली. काठावर शिरणारा गोड्या पाण्याचा झरा आणि आतले खारे पाणी, दोन्हींत लिटमसचा कागद बुडवून पाहू द्या. कागदाची गुंडाळी इथून खिशात घालून नेली तरी चालते. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ आणि लोणासुराची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकावी. उल्का मुलांना आपण समजवावी आणि असुर आजीने. मुलांचा त्यात मुळीच गोंधळ होत नाही. छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने आता हा प्रवास सोपा झाला आहे, आणि वाटेत सिंदखेडराजा, जिजाबाईंचे जन्मस्थान. त्याच मुक्कामात अजिंठा-वेरूळ होते. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, एवढे लक्षात ठेवा.

कोकण पावसाळ्यात सुंदरच, पण समुद्रात उतरायचे नाही, आणि सिंधुदुर्ग-जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या तेव्हा बंद असतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. किल्ल्यांपैकी मुलांना लोहगड सोपा, रायगडाला रोपवे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत हे दोन्ही आहेत. धबधब्याखाली मात्र कुणालाही उभे करू नका, कितीही जण उभे असले तरी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी मिनिटांत वाढते. शनिवार-रविवार तर अशा जागांकडे फिरकूच नये.

मग नातेवाईकांचे काय? त्यांना टाळा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जे थकलेले आहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे पहिल्या आठवड्यात जावे आणि घड्याळ न बघता पूर्ण दिवस राहावे. बाकीच्या धडधाकट मंडळींना एका रविवारी एकत्र बोलवावे: एखादा छोटा हॉल, केटररचे जेवण, सगळी चुलत-मावस भावंडे एका जागी. काकू रुसतील. एकदा रुसतील, दुसऱ्या खेपेस त्याच विचारतील की या वेळी कुठे जमायचे. आमच्या पाहण्यात असे दोन घरांत झाले आहे. आणि मुलांना "बोल बघू जर्मन, मामांना म्हणून दाखव" हा कार्यक्रम कृपा करून बंद करावा. मूल मोडक्यातोडक्या मराठीत काही सांगू पाहत असते आणि आपण त्याला पोपट करतो. भंडारदऱ्याला मक्याचे कणीस विकणाऱ्या बाईशी ते आपले आपण बोलते, कारण तिथे त्याला कणीस हवे असते.

पोटाबद्दल. ओआरएसची पाकिटे तिथेच औषधाच्या दुकानात मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. ग्लुकोज चवीसाठी नसते. आतड्यातून सोडियम आत घेताना त्याचीच मदत होते, आणि त्यामागून पाणी येते. म्हणून लिटरचे पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालावे, पेल्यात अर्धे-मुर्धे नाही. नावात ओआरएस लिहिलेली गोड पेये मुलांना देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा नावांना मनाईच केली. लसींसाठी मुलांच्या डॉक्टरांकडे निघण्याआधी दोन महिने जावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा मच्छरदाणीवर विसंबू नये, लांब बाह्यांचे कपडे न्यावेत.

बाकी किरकोळ. इथला सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही. परदेश-विमा सलग किती दिवस चालतो ते वाचा, बऱ्याच पॉलिसी ४२ किंवा ५६ दिवसांवर थांबतात. मुलांचा छोटा किंडर-राइझेपास जानेवारी २०२४ पासून बंद झाला आहे. आता मोठाच पासपोर्ट, आणि त्याला काही आठवडे लागतात. ओसीआय असलेल्या मुलांचा नवा पासपोर्ट आला की तो त्यांच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. गाडीत मुलांची खुर्ची इथूनच न्यावी. तिकडे "मांडीवर घ्या, काही होत नाही" म्हणणारे दहा भेटतील, त्यांच्याशी वाद न घालता खुर्ची बांधावी. आणि चॉकलेटे कमी न्यावीत. कोकोच्या स्निग्धांशाचे स्फटिक ३४ अंशांच्या आसपास वितळतात आणि पुन्हा गोठताना त्यांची रचना बदलते. वर जो पांढरा थर येतो ती बुरशी नव्हे, पण आत्याला ते पटवून देता येत नाही.

भारतीय रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघणाऱ्यांनी मेच्या अखेरीस संगणकापुढे बसावे. लोणारचा हाताने काढलेला नकाशा आणि लिटमसच्या चार-पाच गुंडाळ्या आम्ही पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ. ज्यांना हव्यात त्यांनी जेवणाच्या रांगेत उभे राहण्याआधी मागाव्यात.