न्यायाची रीत

एखाद्या गंभीर गुन्ह्यातील शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे रद्द केली, की सामान्य वाचकाचा संताप अनावर होतो. माल सापडला, साक्षीदार बोलले, खालच्या न्यायालयाने दोषीही ठरवले. मग एका औपचारिकतेपायी सारे धुळीस का मिळावे, असे त्याला वाटते. हा संताप स्वाभाविक आहे. तथापि, ज्याला औपचारिकता म्हटले जाते तिचे प्रयोजन काय, हे पाहिल्याशिवाय त्या निकालाचा न्याय करता येणार नाही.

अरुणाचल प्रदेशातील एका खटल्यात धमकावल्याच्या आरोपावरून एका व्यक्तीला दोन वर्षांची कैद झाली होती. तिला वकील नव्हता. साक्षीदारांची उलटतपासणी घेणे तिला जमले नाही. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, हे तिला कोणी सांगितलेही नव्हते. आरोपीने वकील मागितलाच नव्हता, म्हणून खटला सदोष ठरत नाही, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते अमान्य करून शिक्षा रद्द केली. ज्याला हक्काची माहितीच नाही, तो हक्क मागणार कसा? निरक्षर, दरिद्री माणसाच्या बाबतीत मौन म्हणजे संमती नव्हे, हे या निकालाने स्पष्ट झाले.

दुसरे उदाहरण अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याचे. या कायद्याखाली व्यापारी प्रमाणात माल बाळगणाऱ्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होते. म्हणूनच त्याच्या कलम ५० नुसार, अंगझडतीपूर्वी संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे. तो त्याला सांगितला नाही, तर केवळ त्या झडतीत सापडलेल्या मालाच्या आधारे दिलेली शिक्षा टिकू शकत नाही, असा निर्णय घटनापीठाने १९९९ मध्ये दिला. जेथे खिशातील एक पुडी हाच सारा पुरावा असतो, तेथे ती पुडी खिशात होती की खिशात घातली गेली, या प्रश्नावर माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे अवलंबून असतात. हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या अटीला क्षुल्लक म्हणवत नाही.

याचा अर्थ प्रत्येक चुकीने शिक्षा कोसळते असा नाही. चुकीमुळे न्यायाचीच हानी झाली असेल, तरच निकाल फिरवावा, हे तत्त्व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते; १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. कलम ५० हे अंगझडतीपुरतेच असून हातातील पिशवीच्या झडतीला लागू होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. न्यायालये पळवाटा शोधत बसतात, हा आक्षेप म्हणूनच एकांगी ठरतो.

शिक्षा रद्द होणे म्हणजे सुटका होणे, हाही एक गैरसमज आहे. १९९७ मध्ये दिल्लीत एका बसमध्ये स्फोट होऊन चार जणांचा बळी गेला. त्या खटल्यातील आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र बहुतेक साक्षी नोंदवल्या जात असताना त्याच्या बाजूने वकीलच नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आले. २०१२ च्या जानेवारीत ती शिक्षा रद्द झाली. पुढे काय करावे, याबाबत दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. आरोपीचा बचावाचा हक्क आणि मृतांच्या आप्तांचा सत्य जाणण्याचा हक्क, दोहोंचाही मान त्यात राखला गेला.

अर्थात पंधरा वर्षांनी खटला पुन्हा उभा राहतो, तेव्हा साक्षीदारांची स्मृती पुसट झालेली असते, काही साक्षीदार हयातही नसतात. न्यायासाठी डोळे लावून बसलेल्या कुटुंबाला जुने दुःख नव्याने सोसावे लागते. हे दुःख खरे आहे. परंतु त्याचा दोष चूक दाखवणाऱ्या न्यायालयाच्या माथी मारणे योग्य नव्हे. चूक घडली ती झडतीच्या वेळी, पहिल्या सुनावणीच्या वेळी. आणि ती टाळणे तेव्हा अवघड नव्हते. दोन वाक्यांत हक्क समजावून सांगणे, वेळेवर वकील नेमणे, पंचनामा काळजीपूर्वक करणे, एवढेच करायचे होते.

तेव्हा उपाय नियम सैल करण्यात नाही, तर ते पाळण्याचे शिक्षण पोलिसांना आणि ते मागण्याचे ज्ञान नागरिकांना देण्यात आहे. कार्यपद्धती अपराध्याची ढाल वाटते खरी. पण निरपराध माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती दुसरी ढाल नसते.