गाण्याचा नंबर, गाण्याचा हिशेब

गेल्या महिन्यात आमचा भाचा तोंड पाडून घरी आला. कॉलेज सांभाळून तो गाणी करतो. बोल त्याचे, चाल त्याच्या मित्राची आणि ढोलकी मोहल्ल्यातल्या एका वयस्कर चाचांची. चाचांनी उभे आयुष्य लग्नाघरी, मेहंदीच्या रात्री ढोलकी वाजवली. पण त्यांचा हात रेकॉर्ड झाला तो पहिल्यांदा या पोराच्या तीन गाण्यांत. मोबाइलवर ऐकली जाणारी गाणी, पैसे थोडेच यायचे. तरी जे येईल त्याचे तीन समान वाटे, असे ठरले होते आणि दोन वर्षे ते नीट पाळले गेले.

"मामू, सगळं शून्यावर आलं," तो म्हणाला.

झाले असे की, गाणी पोहोचवणाऱ्या पहिल्या कंपनीशी त्याचे पटेना, म्हणून त्याने तिथली गाणी काढली आणि दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा चढवली. नव्या फॉर्मवर एक रकाना होता : 'आधीचा आयएसआरसी असल्यास लिहा.' आपल्याला काय करायचेय, म्हणून त्याने तो कोरा सोडला. कंपनीने गाण्यांना नवे नंबर दिले. गाणी तीच, आवाज तोच. पण यंत्राच्या लेखी ती कालच जन्मलेली गाणी होती. लोकांनी किती वेळा ऐकले तो आकडा गेला आणि नवा हिशेब पहिल्या पानापासून सुरू झाला.

हे नंबर आहेत तरी काय, हे आम्हीही त्या निमित्ताने समजून घेतले. ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आज घरोघरी कुणी ना कुणी गाते, वाजवते, मोबाइलवर रेकॉर्ड करते.

पहिला नंबर आपल्या ओळखीचा : बारकोड. किराणा दुकानात तो पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर. पुढे कॅसेट आणि सीडीच्या पाठीवरही तो आला. आज सीडी घेणारे थोडे आणि मोबाइलवरच्या अल्बमला काळ्या रेघा नसतात. पण नंबर लागतोच. तो १२ अंकी असेल तर यूपीसी, १३ अंकी असेल तर ईएएन.

त्यातला शेवटचा अंक राखणदार असतो. स्वयंपाकघरातले एखादे पाकीट घ्या. त्यावरच्या १३ अंकांपैकी डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे सहा अंक मिळवून त्यांची तिप्पट करा. त्यात उरलेले सातही अंक मिळवा. बेरजेच्या शेवटी शून्य आलेच पाहिजे. एक अंक जरी चुकला तरी यंत्राला ते कळते. मुलांना हा खेळ जरूर द्या. आणि ८९० ने सुरू होणारा माल भारतातच बनलेला असतो, हा समजही सोडा. त्याचा अर्थ एवढाच की तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे.

बारकोड असतो तो अख्ख्या अल्बमचा; आतल्या एकेका गाण्याचा नव्हे. गाण्यासाठी दुसरा नंबर, म्हणजे आयएसआरसी. जगभरात त्याची व्यवस्था आयएफपीआय ही संस्था पाहते. भारतात ते काम इंडियन म्युझिक इंडस्ट्रीकडे आहे. यात १२ अक्षरे-अंक असतात : आधी दोन अक्षरे देशाची (भारताची 'आय' आणि 'एन'), मग तीन नंबर घेणाऱ्याची, दोन अंक ज्या वर्षी नंबर दिला त्या वर्षाचे आणि शेवटी पाच अंक त्या रेकॉर्डिंगचे. गाणे एकटे निघो वा अल्बममध्ये, मालक बदलो वा कंपनी, हा नंबर बदलत नाही. मात्र तेच गाणे पुन्हा गाऊन रेकॉर्ड केले, तर ते नवे रेकॉर्डिंग; त्याला नवा नंबर हवा. कागदावरच्या मूळ रचनेचा, म्हणजे बोल आणि चालीचा, नंबर आणखी वेगळा : आयएसडब्ल्यूसी.

एवढी मोजदाद कशाला, असे आपाने विचारले. त्यावर अमेरिकेचेच उदाहरण आहे. तिथे कोणते अल्बम किती चालतात याची यादी 'बिलबोर्ड' दर आठवड्याला प्रसिद्ध करते. पूर्वी ती दुकानदारांनी सांगितलेल्या अंदाजावर बने. मे १९९१ पासून अल्बमची यादी दुकानात वाचल्या गेलेल्या बारकोडच्या मोजणीवर बनू लागली. तेव्हा दिसले की, ज्यांना कुणी फारसे मोजत नव्हते ती कंट्री आणि रॅप संगीताची गाणी आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त खपत होती. ऐकणारे आधीही होतेच. त्यांची गणती नव्हती.

आमच्याकडे कायद्याने २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का केला. पण गाणे वाजले, ते नेमके कोणते, हेच कळले नाही तर हक्काचा पैसा पोहोचणार कुठे? पत्ता नसलेल्या पाकिटासारखा तो अडकून राहतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नंबर म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. कुणाचा वाटा किती, हे नंबर सांगत नाही. ते आपणच लिहून, सह्या करून ठेवायचे असते.

भाच्याचे पुढे काय झाले? जुन्या कंपनीच्या हिशेबाच्या ईमेलमध्ये तिन्ही नंबर सापडले. नव्या कंपनीला कळवल्यावर दोन गाण्यांना जुने नंबर परत लागले आणि काही दिवसांनी त्यांचे आकडेही जुळले. तिसरे गाणे मात्र त्याने मध्यंतरी बासरी घालून नव्याने रेकॉर्ड केले होते. त्याचा नवा नंबर योग्यच होता. ते शून्यापासूनच चढते आहे.

चाचांना यातले काही माहीत नव्हते. "या महिन्याला आलं नाही वाटतं काही," एवढेच त्यांनी एकदा विचारले होते आणि उत्तराची वाट न पाहता विषय बदलला होता. भाच्याला तेच जास्त लागले.

आता आपाने घरात एक वही केली आहे. प्रत्येक गाण्याला एक पान : नाव, तारीख, बारकोड, आयएसआरसी, कोण गायले, कोणी वाजवले, कुणाचा वाटा किती आणि खाली तिघांच्या सह्या. चाचांची सही उर्दूत आहे, जरा थरथरती. ज्या घरात गाणे बनते, तिथे अशी एक वही असावी, असे आम्हाला वाटते.